हवालदाराची रिकामी काच

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात केरबा पिसाळ या नावाच्या माणसाचा पत्ता विचारलात तर अर्धा दिवस हिंडत बसाल. ‘हवालदार कुठं आहेत?’ एवढं विचारलंत की कँटीनमधली मावशीसुद्धा हातातल्या झाऱ्यानं जिना दाखवते. जिना चढून उजवीकडे शेवटची खोली. दाराला जाड काळा पडदा, वाऱ्यानं हलू नये म्हणून खालच्या काठात वाळू भरून शिवलेला. आणि पडद्याच्या आत एक डोळा बारीक करून कुठल्यातरी काचेकडे संशयानं बघत बसलेले हवालदार.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. माणसांवर नव्हे, काचेवर. माणूस खोटं बोलला तर ते हसून सोडून देत, पण काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्यांचा दिवस नासायचा.

हवालदारांचं गाव कराडच्या बाजूला, नदीकाठी. घरात ऊस आणि फौज अशी दोनच पिकं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. थोरला भाऊ उसात राहिला, केरबा फौजेत गेले. पण चोवीस वर्षांत त्यांनी बंदूक चालवली ती फक्त सरावापुरती. त्यांची नेमणूक वर्कशॉपमध्ये. दुर्बिणी, तोफेवरच्या नेमाच्या काचा, दिशा दाखवणारी यंत्रं, सगळी उघडायची, पुसायची, सरळ करायची, मिटायची. सुट्टीवर आले की पारावर कुणीतरी खोडी काढायचंच, की हवालदार, किती जण लोळवले? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. लोळवला एकही नाही, पण ज्यांनी लोळवले त्यांना समोरचं नीट दिसलं ते कुणामुळं, ते जाऊन विचारा म्हणायचे.

पेन्शन सुरू झाल्यावर त्यांनी माधवनगरात दोन खोल्या बांधल्या, कारण बायकोचं, अंबूबाईंचं, माहेर तिथून जवळ. कॉलेजला प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस हवाच होता. घरीही हवालदारांची नजर सुटत नसे. पाण्याचा पेला उजेडाकडे धरून फिरवायचे आणि मगच तोंडाला लावायचे. तुमच्यासंगं संसार म्हंजे रोजची परेड, असं अंबूबाई शेजारणींसमोर खुशाल म्हणत, आणि पेला मात्र दोनदा घासून ठेवत.

अशी आठ वर्षं गेली, आणि कॉलेजात क्रांती मॅडम आल्या. मॅडमचा विषय जीवभौतिकी, आणि त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं. त्यांना एक रेणू बघायचा होता. एक म्हणजे एकच. थेंबभर दुधात कोट्यवधी रेणू असतात, त्यांतला एकटा बाजूला काढून तो काय करतो ते बघायचं. तसलं यंत्र परदेशातून आणायचं तर कॉलेज विकावं लागलं असतं. मॅडमनी कागदावर आकृती काढली आणि हवालदारांपुढे ठेवली. हवालदारांनी ती तीन दिवस घरी नेऊन बघितली. चौथ्या दिवशी येऊन ते एवढंच म्हणाले, की तोफेच्या काचेत आणि ह्यात लय फरक न्हाई, फक्त निशाण बारीक हाय.

पुढची दोन वर्षं त्या खोलीत जे चाललं त्याला यंत्र बांधणं म्हणावं की संसार मांडणं, कुणास ठाऊक. माधवनगरच्या एका बंद गिरणीच्या भंगारातून मागाचं बिडाचं जड धूड आणलं. ते झालं टेबल. ते हलू नये म्हणून खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबा. कारण विश्रामबागच्या रुळांवरून गाडी गेली की संगणकाच्या पडद्यावरचे रेणूंचे ठिपके लटपटायचे, आणि हवालदार रेल्वेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं शिव्या द्यायचे. टेबलावर निळ्या लेसरची पेटी, पेटी तापू नये म्हणून तिच्या पाठीला इवलासा पंखा, पुढे लोलक, काच, भिंगं, आणि शेवटी कॅमेरा. ह्या पद्धतीला शास्त्रज्ञ टर्फ म्हणतात. नाव ऐकून पोरं आधी क्रिकेट खेळायला जागा मिळणार म्हणून खूश झाली होती.

खोली बघायला कुणी आलं की हवालदार स्वतः समजावून सांगत. चमकणारा रंग लावलेला रेणू म्हणजे समजा एक पेटलेली विडी. आता कबड्डीच्या मैदानावर ती विडी शोधायची. साधी फ्लुरोसन्स दुर्बीण, म्हणजे रंग चमकवणारा सूक्ष्मदर्शक, काय करते, तर मैदानावरचे सगळे दिवे लावते. मैदान लखलखतं आणि विडी त्यात बुडून जाते. पुण्याची ती भारीतली कॉन्फोकल दुर्बीण दिवे विझवते आणि नळकांड्यातून बॅटरी मारत एकेक वीत जागा तपासते. चित्र लय स्वच्छ, पण सगळं मैदान फिरून होईस्तोवर विडी संपलेली असते. आणि आमची काय करते, तर उजेड जमिनीलगत असा सरपटत सोडते की घोट्याच्या वर काही उजळतच नाही. काचेला जे चिकटलं तेवढंच चमकणार, वरचं सगळं पाणी काळं. केसाच्या जाडीचे आठशे भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकाच उजेड पाण्यात शिरतो, हे सांगताना ते मिशीवरून हात फिरवत, जणू ते आठशे भाग त्यांनीच केलेत.

ह्या यंत्रावर काम करायला आली स्वप्नाली. जतकडच्या धनगराची पोर. आजोबांनी मेंढरं हिंडवली, वडील कोंडीबा आता थोडी शेती करतात आणि थोडी मेंढरं राखतात. मॅडमकडे पीएचडीला आल्यावर तिनं विषयही घरचाच घेतला. मेंढीच्या दुधात एक प्रथिन असतं, ते पातळ पाण्यात एकटं राहतं की जोडीनं? दर दोन आठवड्यांनी कोंडीबा एसटीच्या ड्रायव्हरबरोबर थर्मासमधून दूध धाडत, आणि त्यातलं प्रथिन काढून झालं की उरलेल्याचा चहा हवालदार करत.

एकटं का जोडीनं, हे ओळखायची खूण फार सोपी होती. रंग लावलेला एकटा रेणू उजेडात ठेवला की थोड्या वेळानं विझतो, तो फटक्यात. वातीसारखा मंद होत जात नाही. बटण दाबल्यासारखा जातो. जोडी असेल तर आधी उजेड निम्मा होतो, मग सगळा जातो, म्हणजे दोन पायऱ्या. स्वप्नाली तासन्‌तास पडद्यापुढे बसून पायऱ्या मोजायची.

त्या वर्षी पावसाळा सरताना कॉलेजानं ठरवलं की ती खोली संगणकांना द्यायची. मुलं वाढली होती आणि एका यंत्रापायी अख्खी खोली अडलेली होती. मॅडमनी खूप भांडून एक सवलत मिळवली. दिवाळीआधी बाहेरची समिती येईल. एकच नमुना साध्या दुर्बिणीखाली, पुण्याच्या कॉन्फोकलखाली आणि आपल्या यंत्राखाली बघायचा, तिन्हींची तुलना लिहून समितीपुढे ठेवायची. एकटा रेणू बघायला आपलं यंत्र खरंच उपयोगाचं असेल तर खोली राहील, नसेल तर बिडाचं धूड परत भंगारात. हवालदारांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

स्वप्नाली पहाटेच्या गाडीनं पुण्याला जाऊन कॉन्फोकलवर दोन-दोन तास मिळतील तसे काम करून यायची. इकडं टर्फवरचं काम चांगलं चाललं होतं. ठिपके थोडे, पण चोख. बहुतेक एकाच पायरीत विझायचे. प्रथिन एकटं राहतंय असं दिसत होतं.

आणि मग खंडेनवमी आली.

खोलीच्या दारावर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, की आत अन्न, पाणी, फुलं, अगरबत्ती, कुठलीही पावडर न्यायची नाही. हवालदार फौजेतले, हुकूम म्हणजे हुकूम. पण खंडेनवमीला फौजेत तोफांनाही हार पडतात. खालच्या वर्कशॉपमध्ये लेथला हळदकुंकू लागलं, बोअरवेलच्या मोटारीला लागलं, कँटीनच्या मिक्सरलासुद्धा लागलं. आणि आपण दोन वर्षं हाडं झिजवून उभं केलेलं यंत्र तेवढं उघड्या कपाळानं बसायचं? हवालदारांना ते पटेना. मग त्यांनी मधला मार्ग काढला. फूल नको, त्याचे कण पडतात. अगरबत्ती नको, धूर होतो. कुंकू नको, ते चिकटतं. अंबूबाईंनी पुडीत दिलेली चिमूटभर हळद फक्त. तीही भिंगाला नव्हे, लोलकाला नव्हे, लेसरच्या पेटीच्या पाठीवर एक बोट. हात जोडले, दोन मिनिटं उभे राहिले, आणि कोरड्या फडक्यानं ती हळद पुसून टाकली. देवाचंही झालं, मॅडमचंही झालं. पेटीचा पंखा आपला शांतपणे फिरत होता. दुपारच्या गाडीनं हवालदार सोयाबीनच्या काढणीला गावी गेले ते आठ दिवसांनी आले.

आले तेव्हा जिन्यातच स्वप्नालीनं त्यांना गाठलं. तिचा चेहरा इतका फुलला होता की त्यांना वाटलं लग्न ठरलं. तसं काही नव्हतं. त्यांच्या यंत्रानं म्हणे कमाल केली होती. पहिल्यापेक्षा दहापट ठिपके दिसत होते, आणि ते एका पायरीत विझत नव्हते, हळूहळू, मोजता न येणाऱ्या बारीक पायऱ्यांनी मंद होत जात होते. म्हणजे प्रथिन एकटं नाही, जोडीनंही नाही, पंधरा-वीसच्या घोळक्यानं राहतंय. असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. साध्या दुर्बिणीला ते दिसलं नाही, पुण्याच्या कॉन्फोकललाही दिसलं नाही, दिसलं ते फक्त हवालदारांच्या यंत्राला. मॅडमनी अहवालाचा कच्चा मसुदाही केला होता, आणि त्यात वाक्य होतं, की या तुलनेत स्थानिक बनावटीचं यंत्र सर्वांत सरस ठरलं. हवालदारांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाच म्हणायची त्यांना लाज वाटली.

अख्खी सकाळ ते हवेत होते. मॅडमनी बोलावून चहा दिला. कँटीनच्या मावशीनं त्यांचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी स्वप्नाली जेवायला गेली आणि हवालदार सवयीनं तपासणीला बसले. ही त्यांची फौजेतली शिस्त. नेम धरण्याआधी काच रिकामी आहे ना ते बघायचं. नवी काच, तिच्यावर शुद्ध पाण्याचा थेंब, दुसरं काही नाही. अशा काचेत काहीच दिसता कामा नये. नुसता काळा पडदा. पूर्वी ते हे रोज करत. पण मधले आठ दिवस ते नव्हते, आणि यंत्र नेहमी स्वच्छच असतं म्हणून घाईत स्वप्नालीनंही रिकामी काच बघणं सोडून दिलं होतं.

त्यांनी लेसर लावला. पडदा ठिपक्यांनी भरून गेला.

त्यांना आधी वाटलं काच खराब. दुसरी घेतली. तेच. पाणी बदललं. तेच. दूध नाही, प्रथिन नाही, रंग नाही, आणि ठिपके मात्र जसेच्या तसे, हिरवट, हळूहळू मंद होणारे. हवालदार बॅटरी घेऊन यंत्राच्या मागे गेले. पंख्याच्या जाळीच्या फटींत बारीक पिवळी रेघ होती. त्यांनी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. वास ओळखायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. पुडीत उरलेली हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यातला एक थेंब त्यांनी काचेवर टाकला, वाळू दिला, निळा उजेड सोडला. काच हिरवीगार पेटली आणि वातीसारखी मंद होत गेली. सांगलीच्या हळदीचा रंग जगात भारी म्हणतात, तो निळ्या उजेडात किती भारी असतो ते हवालदारांना त्या दिवशी कळलं.

ते स्टुलावर बसून राहिले. पुसताना फडक्यानं उडालेली हळद पंख्यानं ओढली आणि टेबलभर, लोलकभर, कणाकणानं पसरली. घोळक्यानं राहणारं प्रथिन वगैरे काही नव्हतं. ती अंबूबाईंची हळद होती.

आता खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पाप आलं. आत्ता गुपचूप पुसून काढलं तर कुणाला कळणार होतं? समिती गुरुवारी येणार, सहा दिवस हातात. यंत्र चकाचक होईल, अहवाल लिहून झालेलाच आहे, खोली राहील. मॅडम खूश, पोरगी खूश. घरी जाताना सायकल दोनदा चुकीच्या बाजूला वळली.

अंबूबाई कोथिंबीर निवडत होत्या. नवरा पाण्याचा पेला न बघताच प्यायला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जुडी खाली ठेवली. हवालदारांनी सगळं सांगितलं, पापासकट. त्यांनी ऐकून घेतलं. हळद, पंखा, लेसर यांतलं त्यांना किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी नेमकं तेच विचारलं जे हवालदार दुपारपासून टाळत होते.

“आन्‌ उद्या पुण्यात कुणी तपासलं, तवा त्या पोरीचं काय हुईल?”

दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी जाऊन जिन्यात उभे राहिले.

त्यांनी खंडेनवमीची हळद सांगितली तेव्हा स्वप्नालीला वाटलं काका चेष्टा करतायत. ती हसलीसुद्धा. मग त्यांनी तिला रिकामी काच दाखवली. पडद्याकडे बघता बघता तिचं हसू गेलं आणि तिनं स्टूल ओढून ठिपके मोजायला घेतले. तिनं घरी फोन केला होता. कोंडीबांनी अख्ख्या वस्तीला सांगितलं होतं, की आपल्या मेंढरांच्या दुधात जगात न्हाई ते सापडलंय. दोन पाहुण्यांनी तर दुधाचा भाव वाढवायचंही मनावर घेतलं होतं.

“आवं काका, मॅडमनी दारावर पाटी लावलीया की,” ती म्हणाली.

“व्हय पोरी. वाचली हुती.”

ती पुन्हा ठिपके मोजू लागली. हवालदारांना वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं. वर्कशॉपमध्ये अधिकाऱ्यांच्या शिव्या त्यांनी सुखानं खाल्ल्या होत्या, पण हे मोजणं त्यांना सोसेना. शेवटी ती उठली, नोंदवही काढली, पानं उलटत खंडेनवमीच्या तारखेशी थांबली आणि तिथं पट्टीनं आडवी रेघ मारली. रेघेच्या वरचं प्रथिनाचं, खालचं हळदीचं. वरचं थोडं होतं, पण खरं होतं. रेघ कुठं मारायची हे हवालदारांनी सांगितलं नसतं तर तेवढंही खरं उरलं नसतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं, कारण ती म्हणाली, “चला, मॅडमकडं जाऊ. मी येते संगं.”

क्रांती मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाटीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तेच हवालदारांना जास्त लागलं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि लिहून द्या म्हणाल्या. हवालदार समजले, नोकरी गेली. त्यांनी विचारलं, राजीनामा का माफीनामा? मॅडम म्हणाल्या, दोन्ही नको. काय केलं, कधी केलं, कुठं केलं, किती केलं, सगळं लिहा. हे अहवालात जाणार, तुमच्या नावासकट.

हवालदारांनी ते पान लिहिलं ते फौजेतल्या रिपोर्टासारखं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, लेसरच्या पेटीच्या मागच्या बाजूस, उजव्या हाताच्या अनामिकेनं, अंदाजे अर्धी चिमूट हळद लावली. पंखा चालू होता. दोन मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसली, ही दुसरी चूक. हळद घरची, सौभाग्यवतींनी गिरणीतून दळून आणलेली, भेसळ नाही. मॅडम वाचताना या ओळीपाशी थांबल्या, पण त्यांनी ती खोडली नाही.

मग हवालदारांनी यंत्र उघडलं. दोन वर्षांत बसवलेलं एका दिवसात सुटं झालं. एकेक भिंग स्पिरिटनं पुसायचं, उजेडात धरायचं, पुन्हा पुसायचं. पंखा पेटीवरून काढून खिडकीत बसवला आणि वॉशिंग मशिनच्या पाइपानं पेटीची गरम हवा थेट बाहेर सोडली. स्वप्नाली पहिल्या दिवशी नुसती बघत उभी होती, दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून शेजारी बसली. सगळ्यांत जीव खाल्ला तो लेसरच्या कोनानं. केसभर कमी पडला की उजेड सरपटायचा सोडून थेट वर जाई आणि अख्खं पाणी धुकट दिसायचं, केसभर जास्त झाला की काहीच चमकायचं नाही. बुधवारी दुपारी चारला रिकाम्या काचेचा पडदा काळा झाला. स्वप्नालीनं मग खरा नमुना ठेवला. मोजके ठिपके उगवले आणि एकेक करून फटक्यात विझले. प्रथिन एकटंच होतं. रेघेच्या वरचं सगळं बरोबर निघालं.

पण अहवाल बदलला. ‘सर्वांत सरस’ हे शब्द गेले. त्यांच्या जागी आलं, की झटपट आणि ढोबळ बघायचं तर साधी दुर्बीण पुरे, पेशीच्या आत खोलवर बघायचं तर कॉन्फोकलला तोड नाही, आणि काचेलगतचा एकटा रेणू विझेपर्यंत बघायचा असेल तर तेवढ्या एका कामाला हे स्थानिक यंत्र बरं. बरं! हवालदारांनी तो शब्द वाचला आणि त्यांना आतून फार वाईट वाटलं. पण तो खोटा आहे असं त्यांना म्हणता येईना.

गुरुवारी समितीची तीन माणसं आली. त्यातले सगळ्यांत वडीलधारे साताऱ्याचे धैर्यशील सर, आयुष्यभर प्रकाशावर काम केलेले. त्यांनी चहा नको म्हटलं आणि सरळ काळ्या पडद्यामागे गेले. काही दाखवायच्या आधी मला रिकामी काच दाखवा, असं त्यांनी सांगितलं. स्वप्नालीनं काच ठेवली, लेसर लावला. सर बराच वेळ वाकून बघत राहिले. रुळांवरून गाडी गेली तेवढ्यात, तरी पडद्यावर काही लटपटलं नाही, कारण लटपटायला तिथं काही नव्हतंच.

“काहीच दिसत नाही,” सर म्हणाले. मॅडमनी स्वप्नालीला खरा नमुना ठेवायची खूण केली.

मग त्यांनी ठिपके पाहिले, ते विझताना मोजले, आणि बाहेर येऊन खुर्चीत बसून अहवाल चाळायला घेतला. तिन्ही यंत्रांचे तक्ते त्यांनी भराभर उलटले. शेवटच्या पानावर मात्र थांबले. हाताचं अक्षर, खाली सही, के. पिसाळ, हवालदार, निवृत्त. ते पान त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. भेसळ नाही या ओळीला त्यांची मिशी हलली. त्यांनी विचारलं, हे कोणी लिहिलं? दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांनी टाचा जुळवल्या.

सरांनी त्यांना जवळ बोलावलं. त्यांना राग आला नव्हता, पण उत्तर हवं होतं.

“हे पान तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला कळलं असतं?”

“न्हाई साहेब. कुणालाच कळलं नसतं.”

“तुमच्या मशीनला ‘सर्वांत सरस’ म्हटलं होतं, असं मॅडम सांगतात. मग हे पान का लिहिलंत?”

हवालदारांनी मॅडमकडे बघितलं, स्वप्नालीकडे बघितलं.

“मला दिसत हुतं की, साहेब,” ते म्हणाले.

धैर्यशील सरांनी अहवाल मिटला. बरोबरच्या दोघांशी ते हलक्या आवाजात काही बोलले, आणि खोली आहे तशी राहू द्या असं फायलीवर लिहून खाली तिघांनी सह्या केल्या. हवालदार वळून पडद्याआड गेले, आणि बराच वेळ ट्रॅक्टरच्या ट्यूबमधली हवा तपासत बसले.